वरचा पाव्हणा आणि वेशीबाहेरचा माणूस
(जाम, जि. वर्धा येथे युवकांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय मी ठरवलेला नाही. तो काल रात्री जाम चौरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ठरला. नागपूरकडून ट्रक येत होते. काही हिंगणघाटवरून हैदराबादकडे सुटत होते, काही वरोरा-चंद्रपूरच्या रस्त्याला लागत होते. आणि आपल्याच शिबिरातले दोन मित्र बाकड्यावर बसून तावातावानं भांडत होते. एकाच्या मोबाइलवर बातमी होती, दूरच्या कुठल्याशा ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडली म्हणून. तो म्हणाला, "वरतं कोणी सापडलं ना दादा, तं देव-धर्म सारं खलास. एका दिवसात!" दुसरा उसळला, "तुले काय करतं बे वरचं? खाली वस्तीत नळाले पानी नाई. बुद्धानंबी सांगतलं हाय, पयले बाण काढ." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, उद्या बोलतो.

तर बोलतो. माझ्या मते दोघंही चुकले. आणि दोघांच्या चुकीत नुकसान आपलं आहे.

आधी बातमीचं पाहू. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं जाहीर केलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत एका वायूची चाहूल लागते आहे. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. लगेच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच आकडे तपासले आणि म्हणाले, पुरावा कच्चा आहे. म्हणजे अजून कुणी सापडलेलं नाही. खूण दिसली, वाद सुरू आहे. शास्त्र असंच चालतं.

आता या समोरच्या रस्त्यानं थेट हैदराबादला चला. तिथून २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी आपल्या शास्त्रज्ञांनी प्रचंड फुगे सोडले. या कामामागचं प्रमुख डोकं कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचं. प्रश्न असा, की जीवाचं बी अवकाशातून पृथ्वीवर पडतं काय? फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत गोळा करून खाली आणली आणि हैदराबाद-पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासली. २००९ मध्ये निकाल आला. तीन जिवाणू असे निघाले की जे पृथ्वीवर तोवर कुणाला ठाऊक नव्हते. मग ते वरूनच आले काय? शास्त्रज्ञांनी साफ सांगितलं, तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. एवढी मेहनत, एवढा पैसा, आणि शेवटी कबुली. कुठल्या मठाधिपतीनं आयुष्यात असं एक वाक्य उच्चारलं आहे काय, ते आठवून सांगा.

आता पहिल्या मित्राकडे येतो. तो म्हणतो, जीव सापडला की धर्म संपला. बाबा रे, इतका भोळा राहू नको.

१६०० साली रोममध्ये जिओर्दानो ब्रूनोला भर चौकात जिवंत जाळलं. विश्वात असंख्य जगं आहेत आणि तिथंही जीव आहेत, असं तो सांगत होता. त्याच्यावरच्या आरोपांत हेही एक होतं. आणि २००८ मध्ये त्याच रोमच्या पोपच्या वेधशाळेचा प्रमुख पाद्री म्हणाला की परग्रहावरच्या जीवाला आपण भाऊ मानू शकतो, श्रद्धेला त्यानं बाध येत नाही. मध्ये ४०८ वर्षं गेली. ब्रूनोची राख झाली, चर्च जागच्या जागी राहिलं.

आपल्याकडे तर जाळायचीही गरज पडत नाही. आपल्याकडे गिळतात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. रांगा लागल्या, शिकलेसवरलेले लोक वाटी-चमचा घेऊन उभे राहिले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. पुढं त्या शोधाला नोबेल मिळालं, आज असे सहा हजारांवर ग्रह मोजून झालेत. गणपतीचं काही बिघडलं? २०२३ मध्ये चांद्रयान सुटण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या पायाशी नेली. यान २३ ऑगस्टला उतरलं, तिसऱ्या दिवशी त्या जागेचं नाव शिवशक्ती झालं. चंद्रावरची माती अजून झटकली नव्हती तोवर बारसं उरकलं! तेव्हा उद्या एखाद्या ग्रहावर शेवाळ जरी सापडलं तरी संध्याकाळच्या टीव्हीवर पंडित बसलेला असेल. पुराणात चौदा लोक सांगितलेच आहेत म्हणेल. आणि त्या शेवाळाच्या शांतीसाठी पूजेचे दरही सांगेल.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या लोणारला आभाळातून दगड आदळला. काळ्या पत्थरात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, तिथं खारं तळं झालं. आभाळातलं खरंखुरं काहीतरी आपल्या अंगणात येऊन पडलं, आणि कहाणी काय रचली? तिथं लवणासुर नावाचा दैत्य होता, विष्णूनं त्याला मारला. गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे. खड्डा उल्केचा, कीर्ती विष्णूची आणि मेला तो असुर. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त अशा अवतारकथा उलट्या करून वाचायला शिकवलं. मारला गेला तो इथला, मारणारा बाहेरून आलेला. म्हणून आभाळातून काय पडलं एवढ्यावर भागत नाही. पडलेल्याची गोष्ट कोण सांगतो, त्यावर सगळं ठरतं.

दुसरीकडे आपले पुरोगामी मित्र. देव मानत नाहीत, विज्ञान मानतात, चांगली माणसं आहेत. त्यांना वाटतं, परग्रहावर जीव सापडला की माणूस नम्र होईल, आपण सगळे एकाच पृथ्वीची लेकरं हे त्याला उमगेल, जातपात गळून पडेल. मला त्यांची कीव येत नाही, पण विश्वासही बसत नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजर यानानं कोट्यवधी मैलांवरून पृथ्वीचा फोटो काढला. कार्ल सेगन या शास्त्रज्ञानं हट्ट धरून तो काढायला लावला होता. फोटोत पृथ्वी म्हणजे धुळीचा एक निळसर कण. तो फोटो आज शाळेच्या पुस्तकांत आहे, ड्रॉइंगरूमच्या भिंतीवर आहे. आणि त्याच कणावर २०१३ चा कायदा असूनही माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. कोणत्या जातीचा, ते तुम्हाला सांगायला नको. दूरवरचा फोटो पाहून माणूस नम्र होतो तो रविवारी. सोमवारी तो भाड्याच्या खोलीसाठी आलेल्या पोराला आडनाव विचारतो. परग्रहावरच्या पाव्हण्यासाठी ज्यांची मिठी तयार आहे, त्यांना वेशीबाहेरच्या माणसाचा पेला चालत नाही. पाव्हणा १२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून तो स्वस्त पडतो.

आता दुसरा मित्र खूश झाला असेल. म्हणेल, तेच तर मी सांगत होतो, आपल्याले वरच्याशी काय करायचं? थांब. तुझाही हिशेब आहे.

तू बाणाची गोष्ट सांगितलीस. मालुंक्यपुत्तानं बुद्धाला विचारलं, जगाला अंत आहे की नाही? बुद्ध म्हणाला, बाण लागलेला माणूस जर म्हणाला, आधी बाण मारणाऱ्याचं कूळ सांगा, मगच काढू देईन, तर तो मरेल. बरोबर आहे. दुःख आधी. उत्तर मिळेपर्यंत बाण ठेवून घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. पण आपण निव्वळ बाण काढत बसायचं आणि तारे बघायचे त्यांनी, ही वाटणी बुद्धानं केली नाही. ती मनूची वाटणी आहे. तुझ्या तोंडून ती बाहेर पडली याचं मला वाईट वाटलं.

कारण आभाळ वाचणाऱ्यांत आपल्यासारखे होते. परक्या ग्रहाची हवा कशी वाचतात? उजेडाचे रंग पसरवून. हवेतला वायू ठराविक रंग गिळतो, तिथं काळी रेघ उमटते. त्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. ताऱ्यांचा वर्णपट कसा वाचायचा याचं सूत्र १९२० मध्ये मांडलं मेघनाद साहांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातला, खालच्या मानलेल्या जातीतल्या छोट्या दुकानदाराचा पोरगा. नाव मेघनाद, रावणाच्या पोराचं. कलकत्त्याच्या हॉस्टेलात सवर्ण पोरांनी याच्या पंगतीला बसायला नकार दिला होता. वर्णव्यवस्थेनं ज्याला पंगतीतून उठवलं त्यानं जगाला वर्णपट वाचायला शिकवलं! आणि पुढं त्यांना एका वकिलानं काय ऐकवलं? यात नवं काय, हे तर सगळं वेदात आहे. साहांनी या वाक्याची लेखातून अशी सालटी काढली की बंगालात ते आजवर टोमणा म्हणून वापरतात. तेव्हा मित्रांनो, उद्या आपल्यातलाच कुणी उठून 'हे सगळं त्रिपिटकात आहे' म्हणाला तर त्यालाही तोच टोमणा मारा. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणारा आपला बाप आहे.

आणखी एक. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं सुटली. परग्रहावर कुणी असलंच तर त्याच्यासाठी त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली आहे. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. गाण्यांत भारताचं एकच, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई कोण? गोव्याच्या केरी गावच्या, देवळाच्या चाकरीला बांधलेल्या कलावंत समाजातल्या. देवळातल्या देवानं ज्यांच्या बायांना पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलं, त्यांतल्या एकीचा आवाज आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. देव मागं राहिला. ती तबकडी तयार करणाऱ्या मंडळींचा म्होरक्या तोच कार्ल सेगन.

आणि या सेगनसारखं विज्ञान लिहायचं स्वप्न असलेला एक पोरगा होता. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात. रोहित वेमुला. त्याला आणि चार सोबत्यांना हॉस्टेलबाहेर काढलं होतं. त्यांनी आवारातच तंबू ठोकला आणि नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेशीबाहेरची वस्ती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. शेवटच्या पत्रात त्यानं ताऱ्यांवरचं प्रेम लिहून ठेवलं आणि माणसाची किंमत त्याच्या तात्कालिक ओळखीवर उतरवली जाते, अशी खंत मांडली. मेल्यावरही सरकारी कागद त्याची जात तपासत बसले. मित्रा, त्याला तू काय सांगितलं असतंस? काय करतं बे वरचं? ताऱ्यांकडे बघणारा आपला एक माणूस व्यवस्थेनं तंबूत आणून बसवला. आपण स्वतःहून मान खाली घातली तर तिचं काम आपणच पुरं करू.

शेवटचं बोलतो. जीव खरंच सापडला तर कशाला धक्का बसेल? देवाला नाही, तो लवचीक आहे. धक्का बसायचा तो जन्माच्या गोष्टीला. एका विराट पुरुषाच्या तोंडातून ब्राह्मण निघाला, पायांतून शूद्र निघाला, आणि आपला तर त्या देहात पत्ताच नाही, ही ती गोष्ट. सगळी उतरंड तिच्यावर उभी आहे. दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पाण्यात, आपल्याशी नातं नसलेला जीव आपोआप उगवलेला दिसला, तर उघड होईल की जीव कुणाच्या तोंडातून येत नाही आणि पायांतूनही येत नाही. पाणी, ऊन, क्षार आणि अफाट काळ यांतून तो उभा राहतो. मग जन्माची प्रतवारी कशावर लावाल? पण हा अर्थ आपोआप लोकांपर्यंत पोचणार नाही. पंडित आपला अर्थ घेऊन तयार आहे. पुरोगामी आपली कविता घेऊन तयार आहे. आपण तयार आहोत काय?

म्हणून कामं सांगतो. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे, वस्तीतली पोरं घेऊन जा. लोणारला सहल काढा आणि तळ्याच्या काठावर दोन्ही गोष्टी सांगा, उल्केची आणि असुराची. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी खगोलाची चार पुस्तकं ठेवा. एखादी पोरगी भौतिकशास्त्र घेतो म्हणाली तर 'नोकरी लागंल का' हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारा, पहिल्यांदा विचारू नका. आणि नळाच्या पाण्याचा मोर्चा आहेच. तो सोमवारी समुद्रपूरला तहसीलवर न्यायचा आहे, त्यात ही दोघं भांडणारी पोरं पुढं पाहिजेत. मोर्चाहून परतल्यावर रात्री गच्चीवर झोपा आणि वर बघा.

वर कुणी सापडलं, तर ती बातमी आपल्या वस्तीत आपल्याच माणसानं फोडून सांगितली पाहिजे.

जय भीम!