चौदा दिवसांचं छप्पर

परवा रात्री मी एक डेटाबेस चाळत बसलो होतो. ऑफिसचा नाही, लंडनचा! १८९६ ते १९१४ मधल्या एका निवाऱ्याच्या नोंदी त्यात आहेत. कॉलम साधेच: नाव, वय, धंदा, कुठून आला, कुठे चालला. कुणी शिंपी, कुणी चांभार. या शेवटच्या कॉलमवर मी अडकलो.

थोडं मागे जाऊ. १८८१ मध्ये रशियाच्या झारची, दुसऱ्या अलेक्झांडरची, हत्या झाली आणि तिथल्या ज्यूंवर हल्ले सुरू झाले. त्यात जाचक कायदे आणि गरिबी. १९१४ पर्यंत वीस लाखांहून जास्त ज्यूंनी पूर्व युरोप सोडला. बरेच जण हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनहून बोटीने लंडनला यायचे आणि तिथून पुढे अमेरिकेला नाहीतर दक्षिण आफ्रिकेला.

आता विचार करा. बोट लागली. तुम्हाला फक्त यिडिश येते. समोर गोड बोलणारा एकजण उभा आहे. तो तुमचं सामान उचलतो, महागड्या खोलीत नेतो, खोटं तिकीट गळ्यात मारतो. जमवलेले सगळे पैसे एका दुपारी गेले!

सायमन कोहेन नावाच्या एका बेकरीवाल्याने अशा लोकांना स्वतःच्या जागेत आसरा दिला. १८८५ मध्ये लंडनच्या प्रस्थापित ज्यू संस्थेने अस्वच्छतेचं कारण देऊन तो बंद पाडला. लोक चिडले, सभा झाली. मग हर्मन लांडाऊ वगैरे मंडळींनी ‘पुअर ज्यूज टेम्पररी शेल्टर’ उभं केलं. त्यांची माणसं थेट धक्क्यावर जायची, प्रवाशांना ठगांच्या आधी गाठायची. झोपायला जागा, जेवण आणि पुढच्या प्रवासाची खरी माहिती मिळायची.

पण नावातला ‘टेम्पररी’ बघा. मुक्काम जास्तीत जास्त चौदा दिवस. गरिबांची गर्दी वाढली तर आपल्याविरुद्धही वातावरण तापेल, ही तिथे स्थिरावलेल्या ज्यूंची भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती, कारण १९०५ मध्ये ब्रिटनने परक्यांना रोखणारा कायदा केलाच. म्हणजे मदतीत माया होती, आणि ‘आता पुढे निघा’ हेही होतं.

इतर ठिकाणीही अशा संस्था होत्या. १९०१ मध्ये स्थापन झालेली बर्लिनची ‘हिल्फ्सफेराइन’ मार्गांची माहिती द्यायची. न्यूयॉर्कची ‘हायस’ एलिस बेटावर, परत पाठवायला काढलेल्या माणसांची बाजू मांडायची.

मला आधी त्या चौदा दिवसांचा राग आला. मग वाटलं, धक्क्यावर उतरलेल्या त्या शिंप्याला मदतीमागचा हेतू कुठे दिसत होता? त्याला आपल्या भाषेत बोलणारं माणूस भेटलं, आणि शेवटच्या कॉलममधल्या गावाला जायचे पैसे खिशात राहिले.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!