गाडी घेताना स्टेअरिंग हलवून बघा

आमच्या गटाने भाजी वाहायला जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने हौसेने छोटं स्टेअरिंग बसवलेलं. पॉवर स्टेअरिंग नसलं की लहान चाक वळवायला जोर जास्त लागतो. गाडी चालवणाऱ्या ताईंचे खांदे भरून यायचे. एकदा घाटाच्या वळणावर चाक हातात डुगडुगलं. मधला नट ढिला निघाला! आता मूळ मापाचं बसवलंय.

बसवताना मेकॅनिकजवळ उभ्या राहा. पुढची चाकं सरळ हवीत, दांड्याचे दाते नीट बसावेत, नट टॉर्क पान्याने आवळावा. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ते बदलूच नका. स्टेअरिंगसोबत एअरबॅगही जाते. बायांनो, गाडी गटाची असली तरी जीव आपला आहे.