निवेदन देण्याआधी

आम्ही सावनेर तालुक्यातल्या एका गावच्या बचतगटाच्या बाया. आज दवाखान्याबद्दल बोलणार आहोत, पण औषधगोळ्यांबद्दल नाही. दवाखाना नीट चालावा म्हणून निवडून आलेल्या माणसांकडे काय घेऊन जायचं, याबद्दल. आम्हाला हे आधी कुठं येत होतं! चुकत चुकत शिकलो.

आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला भरदुपारी कळा सुरू झाल्या. गावातल्या उपकेंद्राला कुलूप. मालवाहू ऑटोत गादी टाकून तिला सावनेरला न्यायला निघालो, तर बाळ वाटेतच झालं, संत्र्याच्या बगिच्याच्या कडेला. आमच्यातल्या दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला होता. दोघं मायलेकरं वाचली. पण त्या दिवसापासून आम्हाला चैन नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही सगळ्या जणी एका लोकप्रतिनिधीच्या घरी धडकलो. निवेदनात बारा मागण्या. डॉक्टर पाहिजे, रुग्णवाहिका पाहिजे, सोनोग्राफी पाहिजे, झालंच तर रस्ताही पाहिजे. भाऊंनी चहा पाजला, फोटो निघाला, "बघतो ताई" म्हणाले. चार महिने पान हललं नाही. आम्ही त्यांना नावं ठेवत बसलो.

मग आमच्या गावच्या एका निवृत्त सिस्टरनी आम्हाला विचारलं, "उपकेंद्र नेहमी बंद असते म्हणता. नेहमी म्हणजे महिन्यातून किती दिवस?" एकीलाही सांगता येईना.

तिथून खरं काम सुरू झालं. उपकेंद्रासमोर जिचं घर आहे, तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही खुणा करायला लागलो. दिवसभर उघडं तर गोल, अर्धा दिवस उघडं तर रेघ, बंद तर फुली. तीन महिने एक दिवस चुकवला नाही. सोबत घरोघरी वही घेऊन फिरलो. बाळंतपण कुठं झालं, गाडी कोणाची होती, किती पैसे गेले, कोणाकडून उसने घेतले. एक आजी म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मले हे कोणी विचारलंच नाही बापा."

विचारण्याची ताकद किती असते, ते आपल्याच विदर्भानं दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायांची तपासणी केली. 1989 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. 100 पैकी 92 बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8. तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरलं जायचं. पुढं 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं ठेवायचं. आमची वही तशीच, फक्त घरगुती.

कॅलेंडरवर निम्म्याहून जास्त फुल्या निघाल्या. आता सिस्टरचं नाव घेऊन तक्रार करायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तरात कळलं की शेजारच्या उपकेंद्रातलं पद रिकामं आहे आणि आपल्याच सिस्टरकडं त्याचाही भार आहे. त्यात लसीकरण, बैठका, अहवाल. सपाट भागात 5,000 लोकांमागं एक उपकेंद्र असावं, असा सरकारचा निकष. इथं एकच बाई दोन गावं ओढत होती. आम्ही तिला काय काय बोललो होतो! दुसऱ्या दिवशी तिच्याकडं जाऊन बसलो. ती रडली. आम्हालाही कसंसंच झालं.

आणखी एक गोष्ट उमगली. आम्ही चुकीच्या दारात चुकीची मागणी घेऊन गेलो होतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं असतं. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. आमदारांच्या निधीतून इमारत होते, गाडी येते, पण सिस्टरचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून रिकाम्या पदासाठी आमदारांकडं निधी मागू नका, प्रश्न मागा. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते कागदावर येतं. हिवाळी अधिवेशन तर आपल्या नागपूरलाच भरतं, सावनेरहून बसनं जाता येईल इतकं जवळ. पण प्रश्न बराच आधी द्यावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर मोर्चा घेऊन गेलो तर आपल्याला मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवतात. कागद दिवाळीआधीच पोचलेला बरा.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाच जणीच होतो. एकच पान, एकच मागणी, सोबत कॅलेंडरच्या तीन पानांची झेरॉक्स आणि माहिती अधिकाराचं उत्तर. जिल्हा परिषदेच्या सदस्यबाईंनी ती झेरॉक्स बराच वेळ पाहिली. "ही फुली कशाची?" असं स्वतःहून विचारलं. निवेदनातल्या बारा मागण्यांपैकी एकही कोणी विचारली नव्हती. निघताना आम्ही पोच घेतली, सही-शिक्क्यासह. ती विसरू नका, नाही तर महिनाभरानं "कोणता कागद?" असं ऐकावं लागतं.

हाती काय लागलं? सिस्टर कोणत्या वारी कुठं असतील, ते दोन्ही उपकेंद्रांच्या भिंतींवर रंगवून लागलं. आता कळा सुरू झाल्या की कुलपापुढं वेळ जात नाही, सरळ 102 किंवा 108 ला फोन होतो. पद मात्र अजून रिकामंच आहे. आमदारांच्या कार्यालयात पान दिलं आहे, तारांकित प्रश्नासाठी. दसऱ्यानंतर पुन्हा विचारायला जाणार आहोत, पोच सोबत घेऊन.

कॅलेंडर अजून त्याच खिळ्याला आहे. या महिन्यात आजपर्यंत सात फुल्या आहेत.