धडकेचा हिशेब

श्रोतेहो, पुण्याच्या नारायण पेठेत केसरीवाड्याच्या आसपास गल्ल्या अरुंद. अशा ठिकाणी उभ्या मोटारीवर मागून दुसरी आदळली, की वाद एकच: वेग किती होता? चालक म्हणतो, "अहो, हळूच होतो!" निवाडा रस्ताच देतो.

समजा, दोन्ही मोटारी हजार-हजार किलोच्या. धडकेनंतर एकमेकींत अडकून, चाके न फिरता, त्या 3.5 मीटर घसरल्या. कोरड्या डांबरावर वेग दर सेकंदाला साधारण 7 मीटरने घटतो. 7 ची दुप्पट गुणिले 3.5 म्हणजे 49, वर्गमूळ 7. हा झाला घसरणीच्या आरंभीचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये.

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. धडकेच्या क्षणी दोघींचा मिळून संवेग तेवढाच राहतो. 2000 गुणिले 7 म्हणजे 14000. तो सगळा मागचीनेच आणलेला. तिचा वेग सेकंदाला 14 मीटर, ताशी 50 किलोमीटर. हळूच म्हणे!

गतिज ऊर्जा मात्र निम्मीच उरली. बाकीची पत्रा चेपण्यात गेली, थोडी आतल्यांच्या मानेतही.

गुरुजी, वर्गात पुढचे गणित समोरासमोरच्या धडकेचे घाला. तिथे दिशेला चिन्ह लागते. दोघींचा संवेग सारखाच असला तर बेरीज शून्य; गाड्या अडकून जागीच थांबतात आणि सगळीच ऊर्जा चेपण्यात जाते.