शिकवणाऱ्याचा रोज



कारखान्यात कामगारांना शिकविण्यासाठी बाहेरचा जाणकार बोलावला, तर त्याला दिवसाला काय द्यावे, हा आजचा विषय आहे. व्याख्यानमालेत असला बाजारी प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्यांच्या प्रेरणेने 1875 साली पुण्यात सुरू झाली, ते न्यायमूर्ती रानडे धर्मावर बोलत तसेच उद्योगधंद्यांवरही बोलत. तेव्हा भिवंडीत मागाविषयी बोलण्यात औचित्यभंग होतो, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या गावात विणकाम आजवर कसे शिकले गेले? गावाकडून आलेला मुलगा काका-मामाच्या मागाशेजारी उभा राही. प्रथम कांड्या उचली, मग तुटलेला धागा सांधी, आणि उस्तादाची नजर वळली की धोट्यावर हात ठेवी. या शिक्षणाला फी नव्हती. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईतले पुष्कळ विणकाम यंत्रमागाच्या गावांकडे वळले, तेव्हाही शिक्षण याच वाटेने चालले. आता मात्र रॅपियर आणि एअरजेट माग आले आहेत. त्यांत धोटाच नाही. जे उस्तादानेच पाहिले नाही, ते तो शिष्याला काय शिकविणार? म्हणून बाहेरचा माणूस बोलवावा लागतो, आणि दारातच पहिला प्रश्न उभा राहतो: तुमचा रोज किती?

येथे आपली भाषाच आपल्याला थोडी फसविते. विद्येला आपण ‘दान’ म्हणतो आणि शिकविणाऱ्याला ‘मानधन’ देतो. या शब्दांत आदर आहे हे खरे. पण मानधन म्हटले की आकडा विचारणे अशिष्ट ठरते, आणि पुष्कळदा मान तेवढा मिळतो, धन राहून जाते. शाल-नारळाने वीजबिल भरता येत नाही.

दुसरी फसगत हिशेबाची. आपला सरळ हिशेब असा: गिरणीत या माणसाला महिना 65,000 रुपये पगार मिळाला असता, महिन्याचे कामाचे दिवस 26, म्हणजे रोज 2,500 रुपये. तो 10,000 मागतो, तेव्हा आपल्याला ती लूट वाटते.

ती लूट आहे काय, हे पाहण्यासाठी एक जुनी कसोटी उपयोगी पडते. 1948 साली केंद्र सरकारने न्याय्य वेतनाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. तिने किमान, न्याय्य आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि न्याय्य वेतनाला दोन मर्यादा घातल्या: खाली किमान वेतन, वर उद्योगाची देण्याची ताकद. ही कसोटी कामगारासाठी होती. पण तीच शिकविणाऱ्याला लावून पाहू.

प्रथम खालची मर्यादा. वर्षाचे दिवस 365. त्यांतून रविवार, सण आणि दुखणीखुपणी वजा केली, तर 270 उरतात. पण एक दिवस शिकवावयाचे, तर एक दिवस आधी येऊन माग पाहण्यात आणि पाठाची तयारी करण्यात जातो, आणि आणखी एक काम मिळविण्यात, प्रवासात, पैशांच्या तगाद्यात जातो. म्हणजे ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस 90. पगाराचे वर्षाचे 7,80,000, आणि नोकरीत मालक जो भार उचलतो तो, शिवाय साधने, फोन, दवाखाना यांचे 1,20,000 धरले, तर बेरीज 9,00,000. भागिले 90. रोज 10,000! हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. आपापले घालून पाहावेत. पण रीत हीच. आपण एका दिवसाचे पैसे देतो, तेव्हा न दिसणाऱ्या दोन दिवसांचेही देत असतो.

आता वरची मर्यादा. समजा, 24 साध्या मागांचा कारखाना आहे आणि तो मजुरीवर कापड विणून देतो. दोन पाळ्या मिळून दिवसाला 12,000 रुपये मजुरी येते. शिक्षणाने धागातुटी आणि खराबा कमी होऊन उत्पन्न शेकडा 5 वाढले, तर दिवसाला 600, महिन्याच्या 25 दिवसांत 15,000. त्यातून विणकराची वाढीव मजुरी, वीज वगैरे जाऊन तिसरा हिस्सा, म्हणजे 5,000 मालकाच्या हाती राहिला असे धरू. दोन दिवसांच्या शिक्षणाचे 20,000 चार महिन्यांत फिटतात. याहून लांबचा हिशेब मात्र जपून करावा. आपला विणकर होळीला किंवा ईदला गावी जातो, आणि परत याच कारखान्यात येईलच असे नाही. एका वर्षात जे फिटत नाही, ते छोट्या मालकाने घेऊ नये.

परंतु या हिशेबात एक माणूस अजून आलेलाच नाही. तो म्हणजे शिकणारा विणकर. त्याची मजुरी कापडावर आहे. माग थांबला की ती थांबली. त्याला दिवसभर बाकावर बसविले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी पाठविले, तर शिक्षणाची फी मालकाने नव्हे, त्याने भरली! असा माणूस शिक्षकाकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की शिकण्याच्या दिवसाची मजुरी त्याला त्याच्या सरासरीप्रमाणे मिळालीच पाहिजे, आणि ती शिक्षणाच्या खर्चातच धरली पाहिजे.

ती धरली की हिशेबाचे तोंडच बदलते. प्रत्येक विणकराला एक दिवस मागावरून उठविले, तर विणकरांची मजुरी देऊनही कारखान्याचे दिवसाचे 12,000 येत नाहीत. एकूण खर्च 32,000 च्या घरात जातो, आणि तो फिटायला साडेसहा महिने लागतात. शिक्षकाशी घासाघीस करून 10,000 चे 8,000 केले, तर दोन दिवसांत वाचले 4,000. पण जो शिक्षक चालत्या मागाशी दोघादोघांना शिकवितो आणि माग फारसे थांबू देत नाही, तो रोजाला 12,000 घेऊनही स्वस्त पडेल. भाव करावयाचा तो रोजाचा नव्हे, पद्धतीचा करावा.

आठ-बारा मागांच्या मालकाला हे कसे परवडावे? एकट्याला नाहीच परवडणार. पण एकाच गल्लीतल्या पाच मालकांनी मिळून शिक्षक बोलावला, तर 20,000 चे प्रत्येकी 4,000 होतात. सुताच्या भावासाठी आपण एकमेकांशी झुंजतो. शिक्षकासाठी एकत्र यायला हरकत नसावी. मात्र आधी चार गोष्टी कागदावर याव्यात: प्रवासखर्च रोजात की वेगळा, कर कोणाकडे, काम रद्द झाल्यास काय, आणि महिन्याभराने येऊन पाहण्याची एक फेरी त्यात धरली आहे की नाही. ही शेवटची फेरी सोडू नये. शिकलेले हातात उतरले की नाही, ते तेव्हाच कळते.

सारांश, न्याय्य रोज म्हणजे सर्वांत कमी रोज नव्हे. ज्या रोजात शिकविणाऱ्याचे वर्ष निभते, मालकाचे पैसे वर्षाच्या आत फिटतात आणि शिकणाऱ्याची एक दिवसाचीही मजुरी बुडत नाही, तो रोज न्याय्य. या तिघांपैकी एकाच्या खिशातून दुसऱ्याची सोय होत असेल, तर तो आकडा कितीही लहान दिसो, तो महागच आहे.