सिंह आणि वाघ : एक गोत, दोन संसार



सिंह आणि वाघ यांच्याविषयी बोलायचे म्हटले, की लहानथोर सर्वांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : या दोघांची झुंज लागली, तर जिंकेल कोण? हा प्रश्न मी आरंभीच निकालात काढतो. अशी झुंज माणसाने आखाड्यात लावली, तेव्हा झाली. रानात आज ती होण्याजोगी नाही. भारतातले रानटी सिंह सौराष्ट्रात आहेत आणि गीरच्या रानात वाघ नाही. पूर्वी उत्तर हिंदुस्थानात दोघेही होते. पण सिंह विरळ झाडीच्या, खुरट्या रानात आणि वाघ दाट जंगलात व नदीकाठच्या उंच गवतात, अशी त्यांची बहुतेक वाटणी झालेली होती. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू आणि दुसरे दोन विचारू. एकाच गोताचे हे दोन प्राणी इतके निराळे का जगतात? आणि हे निराळेपण आपण ध्यानात घेतले नाही, तर काय घडते?

आपल्या भाषेने या दोघांना कधी एका मापाने मोजले नाही. सिंह गर्जना करतो, वाघ डरकाळी फोडतो. सिंहाचा छावा असतो, वाघाचा बछडा. मांजर ही वाघाची मावशी. सिंहाशी तिचे नाते जोडण्याच्या भानगडीत आपण पडलो नाही. याचे कारण उघड आहे. वाघ आपल्या शिवेवरचा प्राणी. आपल्या आदिवासी पाड्यांतून वाघोबा हा देव आहे. वाघबारशीला गुराखी त्याला भजतात. ‘वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो’ ही म्हण अनुभवावाचून निर्माण होत नाही. सिंह मात्र आपल्याकडे आला तो काव्यातून, देवळांच्या शिल्पांतून आणि सिंहासन, सिंहगड अशा शब्दांतून. नर्मदेच्या दक्षिणेस त्याची वस्ती सहसा नव्हती. थोडक्यात, वाघ आपण पाहिला आणि सिंह आपण ऐकला. आता वाघ म्हणताना आपण बिबळ्यालाही त्यात ओढतो. पण आज मी बोलणार आहे तो पट्टेरी वाघाविषयी.

प्रथम शरीराकडे पाहू. कातडे उतरवून निव्वळ हाडांचे दोन सांगाडे पुढे ठेवले, तर सिंह कोणता आणि वाघ कोणता, हे सांगताना जाणकारही क्षणभर थबकतो. कवटीची एक साधी खूण आहे. खालचा जबडा काढून सपाट मेजावर ठेवायचा. सिंहाच्या जबड्याची खालची कड किंचित फुगीर असल्याने तो पाळण्यासारखा डोलतो. वाघाचा बहुधा स्थिर बसतो. एवढा बारीक भेद! वजनात भारतातला वाघ थोडा वरचढ आहे. पूर्ण वाढीचा नर वाघ सुमारे १८० ते २५० किलो भरतो, गीरचा नर सिंह सुमारे १६० ते १९० किलो. पण दात, नख्या, बांधा यांची घडण एकाच कारागिराच्या हातची वाटावी अशी आहे.

यावरून कोणी म्हणेल की हे दोघे सख्खे भाऊ असले पाहिजेत. येथे निसर्गाने आपली गंमत केली आहे. सिंह, वाघ, बिबळ्या, हिमबिबट्या आणि अमेरिकेतला जग्वार हे पाच जण एका प्रजातीचे. अलीकडे त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की सिंहाचे जवळचे नातलग म्हणजे बिबळ्या आणि जग्वार. वाघाचा जवळचा नातलग म्हणजे हिमालयातला हिमबिबट्या. म्हणजे अंगावर ठिपके असलेला बिबळ्या हा वाघापेक्षा सिंहाला जवळचा! विश्वास बसत नसेल, तर सिंहाचा नवजात छावा पाहावा. त्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात आणि वाढत्या वयाबरोबर ते पुसट होतात. वाघाचा बछडा मात्र पट्टे घेऊनच जन्माला येतो. ते पट्टे नुसत्या केसांवर नसतात. केस भादरले तरी कातडीवर दिसतात.

आता हे पट्टे कशासाठी? भडक नारिंगी रंगाचा प्राणी हिरव्या रानात लपतो कसा, हे कोडे पुष्कळांना पडते. त्याचे उत्तर हरणाच्या डोळ्यात आहे. चितळ-सांबरांना आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. तांबडा आणि हिरवा यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. आपल्याला जो नारिंगी वाघ दिसतो, तो चितळाच्या लेखी हिरवट रानाचाच एक तुकडा असतो, आणि काळे पट्टे त्या तुकड्यावर पडलेल्या गवताच्या सावल्या. सिंहाचा रंग वाळलेल्या गवताचा आणि मातीचा. ज्याचे जसे रान, त्याचे तसे वस्त्र.

परंतु खरा भेद वस्त्रात नाही, संसारात आहे. वाघ एकटा राहतो. वाघिणीची स्वतःची हद्द असते, तीत ती दुसरी वाघीण सहसा खपवून घेत नाही. नराची हद्द मोठी; तीत दोन-तीन वाघिणींच्या हद्दी सामावतात. झाडावर मूत्राचा फवारा मारून, बुंध्यावर नख्यांचे ओरखडे काढून तो आपला सातबारा लिहून ठेवतो आणि दर थोड्या दिवसांनी नवा करतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे त्याच्याइतके कोणी पाळत नसेल. बछडी सुमारे दोन वर्षे आईजवळ राहतात आणि मग त्यांना घराबाहेर पडावे लागते. हे एकलकोंडेपण तुसडेपणातून आलेले नाही. दाट रानात सावज विखुरलेले असते. दबा धरून, दहा-वीस पावलांवर येऊन झडप घालायची, हे एकट्याचे काम; तेथे सोबत म्हणजे अडगळ. त्यातूनही बहुतेक झडपा फुकट जातात. साधली, तर सांबर झुडुपात ओढून नेऊन तीन-चार दिवस पुरवून खायचे. वाटेकरी नकोच असतात.

सिंहाचे एकत्र कुटुंब. आई, मुली, मावश्या, भाच्या अशा नात्यातल्या सिंहिणी जन्मभर एकत्र राहतात. मुलगे वयात आले की बाहेर पडतात. बहुधा भाऊभाऊ जोडीने हिंडतात आणि कोणाचा तरी मुलूख जिंकून घेतात. सिंहिणी एकमेकींच्या छाव्यांना पाजतात. उघड्या माळावर मोठे जनावर पाडले, तर ते लपत नाही. घारी-गिधाडे घिरट्या घालतात आणि तरस धावून येतात. तेथे एकट्याला मारलेले सावज राखता येत नाही, पाणवठ्याजवळची चांगली जमीन राखता येत नाही आणि पोरेही राखता येत नाहीत. नवा नर आला, की आधीच्या नराची पिल्ले तो मारू पाहतो; तेव्हा सिंहिणी एकजुटीने उभ्या राहतात. आफ्रिकेतील कळप मोठे असतात. गीरमध्ये सावज लहान, रान दाट, म्हणून कळपही लहान. तेथे नर सिंहिणींपासून पुष्कळदा वेगळेच राहतात. म्हणजे रान बदलले, तसा सिंहानेही आपला प्रपंच आवरता घेतला.

आयाळीचे मर्मही या संसारातच आहे. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या माळावर संशोधकांनी भुसा भरलेले नकली सिंह उभे केले. काहींना काळी आयाळ, काहींना फिकट. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिंहिणी काळ्या आयाळीकडे ओढल्या गेल्या, आणि परके नर काळ्या आयाळीपासून बिचकून राहिले. चारचौघांत वावरणाऱ्याला फेटा लागतो. एकट्या वाघाला तो कोणाला दाखवायचा? गीरच्या सिंहाची आयाळ मात्र आखूड असते, त्याचे कान उघडे दिसतात, आणि पोटाखाली कातडीची एक लोंबती घडी असते. त्याची ओळख पटवणारी ही खूण.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. ज्याचा संसार निराळा, त्याचा मृत्यूही निराळा. आणि म्हणून त्याचे रक्षणही निराळे असले पाहिजे.

वाघाचे उदाहरण आपल्याच घरचे घेतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी घराबाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण अशी फिरस्ती करीत, शेतांतून, ओढ्यांकाठून, रस्ते ओलांडीत, बहुधा रात्री चालत आणि दिवसा झुडुपात दडून, तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकंदर चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. ज्ञानगंगेत त्याला सावज मिळाले, जागा मिळाली. वाघीण मात्र नव्हती. मंडळी, वाघाची सगळी अडचण या एका प्रवासात आहे. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव रानांत आपला मेळघाट होता. २००६ साली देशात सुमारे १,४११ वाघ उरल्याचा अंदाज निघाला. २०२२ चा अंदाज सुमारे ३,६८२, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. वाघ वाढला, हे खरे. पण प्रत्येक बछड्याला एक दिवस घर सोडायचे असते आणि बाहेर पडावे, तर समोर रस्ता, कालवा, खाण. पेंचजवळून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाखाली जनावरांसाठी मोकळ्या वाटा बांधल्या, तर वाघ त्यांतून येजा करू लागले. म्हणजे वाघाचे मागणे एवढेच : एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाट.

सिंहाची गोष्ट उलटी. जुनागढच्या नवाबांनी आसरा दिला म्हणून तो वाचला. १९६८ च्या गणनेत गीरमध्ये १७७ सिंह होते. मे २०२५ मध्ये ते ८९१ भरले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक संरक्षित रानाबाहेर वावरत होते. याचे श्रेय गुजरातला आणि तेथल्या मालधारी व शेतकरी लोकांच्या सहनशीलतेला दिले पाहिजे. पण ही सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत. आणि टोपली कशाने उलटते, हे ठाऊक झाले आहे. १९९४ साली सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाची साथ आली आणि सुमारे एक-तृतीयांश सिंह गेले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या एकाच भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यांतही हा रोग सापडला. वाघालाही तो होतो. पण वाघ एकटा आजारी पडतो. सिंह एका सावजावर एकत्र तोंड घालतात, एकमेकांना चाटतात. ज्या एकत्र कुटुंबाने त्यांना तारले, तेच साथीच्या वेळी त्यांच्यावर उलटते. म्हणून सिंहाला हवे आहे ते दूरचे दुसरे घर. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात हलवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या रानात आफ्रिकेतून चित्ते आले. सिंह गेले नाहीत. गुजरात सरकारचे म्हणणे असे की सिंह आपण होऊन नव्या मुलखात पसरत आहेत, पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरापर्यंत गेले आहेत. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण शेजारची खोली म्हणजे दुसरे गाव नव्हे. साथ शेजारी सहज पोहोचते.

सारनाथच्या स्तंभावरचे सिंह २६ जानेवारी १९५० रोजी आपण राजमुद्रेसाठी घेतले. पुढे राष्ट्रीय प्राण्याचा मान वाघाला दिला. दोघांनाही आपण मोठ्या जागी बसवले. मुद्रेवरच्या सिंहाला काहीच लागत नाही, रानातल्याला लागते. वाघाला वाट द्या आणि सिंहाला दुसरे घर द्या, एवढेच मला या व्यासपीठावरून सांगायचे होते. उद्या घरी कोणा मुलाने विचारले, ‘दोघांत बलवान कोण?’ तर त्याला सांगावे, की बळाने दोघेही जवळजवळ सारखेच. पण एकाची हद्द तुटली की तो मरतो, आणि दुसऱ्याचे सगळे कुटुंब एकदम मरू शकते. त्यांना वाचवणारा किती शहाणा आहे, त्यावर आता दोघांचेही जगणे अवलंबून आहे.