अळीवर बोललो, आता पोरांवर बोलू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत आम्ही बोंडअळीवर दोन तास बोललो. बैठक उठल्यावर एक माय जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, अळीचं समजलं. माह्या पोराच्या दप्तरात पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या नळ्या सापडल्या. घरी सायकल नाही. त्याचं काय करू?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं. शेतीच्या पदवीत ते शिकवलेलं नाही. म्हणून आज कापसाच्या भावाआधी हा विषय घेतो.

नशा म्हटली की आपल्याला मुंबई आठवते. आपल्या गावात नशा किराणा दुकानातून आणि पानठेल्यावरून येते. खर्रा, सोल्युशन, व्हाइटनर, थिनर. दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात 10 ते 17 वयाच्या मुलांत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण 1.17 टक्के निघालं, मोठ्या माणसांत 0.58 टक्के. दारू असो, गांजा असो, मोठे पुढे असतात. या एका नशेत पोरं मोठ्यांच्या पुढे आहेत. मदतीची गरज असलेली मुलं 4 लाख 60 हजार, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

हे विष काम कसं करतं, ते तुम्हाला सांगायला नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. श्वासातून विष आत जातं, हे आपण आपली माणसं गमावून शिकलो. फवारणीच्या कित्येक औषधांच्या डब्याचं झाकण उघडलं की जो उग्र दर्प येतो, तो बराचसा झायलीनसारख्या द्रावकाचा. सोल्युशनमध्ये आणि थिनरमध्ये बहुधा त्याचाच भाऊबंद असतो, टोल्युइन. पोरगं तो रुमालात किंवा पन्नीत घेऊन ओढतं. फुप्फुसातून काही क्षणांत तो मेंदूत पोचतो. गुंगी थोडा वेळच टिकते, म्हणून पोरगं पुन्हा पुन्हा ओढतं. वर्षभर चाललं तर मेंदू, नसा, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांना झळ लागते.

आणि एक गोष्ट नीट ऐका. या द्रावकाने हृदयाचे ठोके बिघडतात. अशा वेळी पोराला एकदम दचकवलं, मागे लागून पळवलं, तर हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं. पहिल्याच वेळेला हुंगणाऱ्याचंही असं होऊ शकतं. म्हणून पोरगं हुंगताना दिसलं तर ओरडू नका, काठी घेऊन धावू नका. शांतपणे जवळ जा, हातातलं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा आणि 108 ला फोन करा.

आता आपल्या घराकडे बघू. खर्रा आणायला पोराला पानठेल्यावर पाठवतो कोण? आपणच. रोज वीस रुपयांचा धरा, वर्षाचे 7300 झाले. 2025-26 चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 आहे. म्हणजे जवळपास एक क्विंटल कापूस आपण चघळून थुंकतो, आणि कोरडवाहू एकरात क्विंटल उतरतात किती, ते तुम्हीच मोजा. वेचणीच्या दिवसांत पोरगं शाळा सोडून शेतात येतं, हातात रोख मजुरी पडते, घरी विचारणारं कोणी नसतं. भाव नाही म्हणून मजूर लावता येत नाही, हे खरंच आहे आणि त्यासाठी आपण लढतोच. पण भाव मिळेपर्यंत पोरगं थांबत नाही. ज्वारीतला टारफुला जमिनीवर दिसतो, तोवर मुळाशी त्याने आपलं काम केलेलं असतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला ती द्यायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. बाटलीतलं व्हाइटनर किरकोळ विकायलाही केंद्राने 2012 मध्येच मनाई केली. सोल्युशनवर बंदी नाही, पंक्चरवाल्याचं पोट त्यावर आहे. तिथे गावानेच ठरवायचं.

म्हणून पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गावाने चार कामं करावीत. एक, ग्रामसभेत ठराव घ्या की कोणताही दुकानदार लहान मुलाला सोल्युशन किंवा थिनर देणार नाही. दोन, शाळेजवळचा ठेला दोरीने मोजून हलवा. तीन, खर्रा आणायला पोराला पाठवणं आजपासून बंद. चार, वेचणीच्या हंगामात कोणती पोरं शाळेत नाहीत, त्यांची यादी गुरुजींकडून घ्या आणि घरोघर जा.

सापडलेल्या पोराला मारू नका, गावात त्याचं नाव करू नका. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन फुकट आहे. जिल्हा रुग्णालयातही दाखवा.

त्या मायला आम्ही आता हेच सांगायला जाणार आहोत. पुढच्या बैठकीत आम्ही आधी ठरावांच्या प्रती मागू, मग कापसाचं बोलू.